खालची ओळ

वादळानं त्या दुपारी गावात तीन कामं केली. नदीवरचा पूल नेला, चर्चच्या आवारातलं जुनं झाड मुळासकट आडवं केलं, आणि पडता पडता त्या झाडाची जाड फांदी छपरावर अशी घातली की चर्चचं आढं मधोमध मोडलं. माणूस एकही दगावला नाही. पाळकांनी त्याबद्दल देवाचे आभार मानले आणि मग भिंतींकडे बघितलं. भिंती कच्च्या विटांच्या होत्या. तीन आठवड्यांत पाऊस धरणार होता, आणि छप्पर नसलं तर त्या भिंतींचा चिखल व्हायला फार दिवस लागणार नव्हते.

धाकट्याला ही बातमी त्याच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या कळली. हल्ली त्याला सगळ्याच बातम्या तिथंच कळत.

धाकटा बावन्न वर्षांचा होता. केस पिकले होते, दोन दाढा पडल्या होत्या, तरी गाव त्याला धाकटाच म्हणे. कारण त्याच्या भावाला थोरला म्हणत, आणि दोघांत मिळून एक आरा होता. पुरुषभर उंचीचा, दोन टोकांना दोन मुठी असलेला. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, थोरल्यानं त्यावर उभं राहायचं आणि धाकट्यानं खड्ड्यात उतरायचं. थोरला आरा उचलून सुतावर, म्हणजे लाकडावर मारलेल्या रेघेवर, धरी, धाकटा तो खाली ओढी, आणि लाकूड कापलं जाई ते त्या ओढण्यानं. तीस वर्षं हे चाललं. गावातल्या निम्म्या घरांची दारं आणि वासे त्यांच्याच हातचे होते. चार महिन्यांपूर्वी थोरल्याच्या छातीत ताप शिरला, आणि दहाव्या दिवशी लोक त्याला मातीत ठेवून घरी आले. तेव्हापासून आरा भिंतीला टांगलेला होता आणि धाकटा उंबऱ्यावर.

अगदी बसून होता असंही नाही. पोट कुणाला चुकलंय? तो लोकांकडे सरपण फोडायला जाई. ज्या हातांनी घरंच्या घरं उभी केली ते हात आता चुलीपुरत्या ढलप्या काढत होते. चांभार एकदा त्याला म्हणाला, "काय धाकट्या, अर्धा आरा कसा काय चाललाय?" चांभाराच्या मनात काळं नव्हतं, जिभेला हाड नव्हतं एवढंच. पण धाकट्याला ते खोल लागलं, कारण ते खरं होतं. चर्चला तो जाई, पण दाराशी बसे. गीत सुरू झालं की ओठ मिटून घेई. प्रार्थनेला मान खाली जाई ती नुसती मानच. आत काहीच हलत नसे. देव आहे याची त्याला शंका नव्हती. देवाला आपली आठवण आहे याची मात्र होती. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं, आणि तिला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी पाळक आणि सुतार दोघं त्याच्या दारात आले.

"झाड सोन्यासारखं आहे," सुतार म्हणाला. "अठरा हात सरळसोट. मधोमध चिरलं की एका फाळीचं आढं, दुसरीचे वासे. आढ्याला पंधरा हात लागतं. एवढं लांब लाकूड नदीच्या अलीकडे दुसरं नाही."

"मग गिरणीत न्या."

"गिरणी पलीकडे. पूल कुठाय?"

"मग?"

"मग तू."

धाकट्यानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "मी खालचा माणूस. सूत दादा धरायचा. तीस वर्षांत मी काप वरून कसा दिसतो ते पाहिलेलं नाही. वाकडं गेलं तर? आणि मी वर चढलो तर खाली कोण? धडधाकट माणसं सगळी पुलाच्या कामावर."

पाळकांनी आतल्या दाराकडे बघितलं. त्यांची ती खोडच होती. अवघड जागी दुसऱ्याला बोलू द्यायचे.

"माझं मनगट सरळ असतं तर मीच उतरले असते," आतून बायको म्हणाली. लहानपणी मोडलेलं तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं. "यांना कारण सापडू दिलं नसतं."

"मी उतरते."

हे बोलली ती वहिनी. घराच्या दुसऱ्या खोलीच्या दारात ती उभी होती. थोरल्याची बायको, पंचावन्नची, जन्मभर विहिरीचं पाणी ओढून खांदे कमावलेली. चर्चमध्ये बायकांच्या बाजूचं गीत आजवर तीच उचलायची. नवरा गेल्यापासून तीही गायली नव्हती. पण ती दाराशी बसत नसे. आपल्या जागीच बसे, आणि गात नसे.

"वहिनी, ते बाईमाणसाचं काम नाही," धाकटा म्हणाला.

"कुठं लिहिलंय?"

सुतार खोकला. पाळकांच्या ओठांच्या कडेला कित्येक दिवसांनी हसू आलं. धाकटा मात्र हसला नाही, उठला. त्यानं आरा भिंतीवरून काढला, मांडीवर घेतला, तेलकट चिंधीनं पुसला. दुपारभर कानस घेऊन एकेक दात उजळला. दात उजळायला त्याला कुणी शिकवायला नको होतं. वर चढायचं होतं ते कोण शिकवणार?

लाकूड खड्ड्याकडे नेण्यापेक्षा त्यांनी खड्डाच लाकडाकडे आणला. आवारातच, पडल्या झाडाशेजारी पुरुषभर खोल खणला. सुतारानं फांद्या उतरवल्या, साल सोलली. आठ-दहा जणांनी पहारी लावून ओंडका खड्ड्यावरच्या आडव्या लाकडांवर चढवला. कोळशाच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून सुतारानं मधोमध उचलून सोडली, आणि सोललेल्या लाकडावर अठरा हात काळी रेघ उमटली. वहिनीनं डोक्याला आणि नाकाला फडकं बांधलं आणि ती शिडीवरून खाली गेली. धाकटा वर चढला. वरून जग त्याला परकं वाटलं. एवढा उजेड तो कामाच्या वेळी कधी पाहत नसे.

आता आऱ्याला ताल लागतो. दोन माणसांचे श्वास एक झाले नाहीत तर आरा हिसके खातो. म्हणून थोरल्यानं फार वर्षांपूर्वी काही ओळी जुळवल्या होत्या. अर्धी ओळ वरून, आरा उचलताना. अर्धी खालून, ओढताना. पाच जोड्या होत्या. चार फिरून फिरून म्हणायच्या, आणि पाचवी ओंडक्याचा शेवटचा हात उरला की.

वाट मला दिसत नाही, थोरला म्हणे. त्याला दिसते, ओढ गड्या, खालून धाकटा.

धाकट्याला याचं पूर्वी हसू येई. सुतावर उभा असलेला माणूसच वाट दिसत नाही म्हणतो, आणि भुशानं आंधळा झालेला सांगतो की देवाला दिसते.

त्या सकाळी वर उभं राहून त्याला पहिल्यांदा कळलं. सूत असतं, पण त्यावर भुसा पसरतो. फुंकर मारावी तेवढं वीतभर दिसतं, पुढचं नाही.

"वाट मला दिसत नाही," तो म्हणाला आणि त्यानं आरा उचलला. खालून आवाज आला नाही. वहिनीनं मुकाट्यानं ओढलं. धाकट्याच्या तोंडाला तीस वर्षांची सवय, त्यानंच पुढचं म्हणून टाकलं, "त्याला दिसते, ओढ गड्या." आणि तोंडामागून हातही गेले. ती ओळ म्हणजे त्याच्या अंगाला ओढणं. वर उभं राहून त्यानं सगळा भार मुठीवर टाकून आरा खाली दाबला.

असं सकाळभर चाललं. वरची ओळ तोच म्हणे, खालचीही तोच. तोच उचले आणि तोच दाबे. वरून दाबलेला आरा खाली पोट काढतो आणि काप वाकडा जातो हे कुठल्याही आरेवाल्याला ठाऊक असतं, धाकट्यालाही होतं. पण हात ऐकत नव्हते. मध्ये मध्ये कापात पाचर ठोकून ते दम घेत. आवाराच्या भिंतीवर रिकामी माणसं येऊन बसली होती. चांभारही होताच.

तीन हात काप झाल्यावर सुतार खड्ड्यात उतरला आणि त्यानं खालून पट्टी लावली. वर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"वर सुतावर आहे. खाली चार बोटं सरकलाय."

भिंतीवरच्या माणसांनी माना खाली घातल्या. चांभारानंसुद्धा.

"हे टोक गेलं," सुतार हळू म्हणाला. "तीन हात आखूड करू. ओंडका फिरवून दुसऱ्या टोकानं सुरू करायचं. उरतात पंधरा. आता वीतभरही चुकायला जागा नाही, धाकट्या. चुकलं तर आढं नाही, आणि आढं नाही तर चर्च नाही."

धाकटा ओंडक्यावरून उतरला. आरा त्यानं गवतावर ठेवला आणि तो बिनछपराच्या चर्चमध्ये जाऊन बसला, पुन्हा दाराशीच. बाकांवर पाला पडला होता. वर निळं आकाश. शरमेनं त्याचे कान तापले होते. त्याला वाटलं, देवानं न्यायचं होतं तर मला न्यायला हवं होतं. दादा उरला असता तर त्यानं कुणालाही खाली उभं करून हे झाड चिरलं असतं. खालचा माणूस कुणीही चालतो.

वहिनी आली. भुवयांवर, पापण्यांवर भुसा. ती त्याच्या पुढच्या बाकावर आडवी बसली.

"दोन्ही ओळी तुम्हीच म्हणणार असलात तर मी खाली कशाला आहे, भाऊजी?"

"तुम्ही म्हणत नाही म्हणून मी म्हणतो."

"माझ्या तोंडून निघत नाही."

"का?"

"खरं नसलं तर कसं म्हणू?" तिनं हाताचे फोड पाहिले. "घर माझं रिकामं झालं, असं तुम्ही म्हणणार, आणि मी म्हणायचं, तो येऊन बसला आत. माझ्या खोलीत तर कुणी येऊन बसलेलं नाही. मी रोज बघते."

धाकट्यानं वर पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्याच्या मनातलं बोललं होतं, आणि ते बोलणारी वहिनी निघाली, जिच्याकडे बघून तो स्वतःला कमी समजत होता.

"माझंही तेच आहे," तो म्हणाला. "मला प्रार्थना होत नाही. खालच्या ओळी तेवढ्या तोंडात येतात. सवयीनं."

वहिनीनं डोक्याचं फडकं सोडून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "या ओळी यांनी कधी जुळवल्या माहीत आहे? आमची मुलगी गेली त्या वर्षी. त्यांना कुठं रडता येत नव्हतं. वर चढून म्हणायचे, हात माझे गळून गेले. गाव समजायचं, आरेवाल्याचं गाणं आहे. एकदा मी विचारलं, उरलेलं अर्धं का म्हणत नाही तुम्ही? म्हणाले, मला ते म्हणवत नाही. धाकटा म्हणतो. तो खालून ठणकावून सांगतो, म्हणून मला दुसऱ्या दिवशी वर चढता येतं."

तीस वर्षं धाकटा समजत होता की दादाचं बोट धरून आपण चाललो. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. मोडक्या आढ्याखाली बावन्न वर्षांचा माणूस पोरासारखा रडला, आणि वहिनी त्याच्याकडे न बघता बाकावरचा पाला झाडत बसली.

"मला खरं वाटत होतं म्हणून मी म्हणत नव्हतो, वहिनी," थोड्या वेळानं तो म्हणाला. "दादानं विचारलं म्हणून म्हणत होतो. वरून कुणी अर्धं सोडलं की उरलेलं आपोआप निघतं."

"मग सोडा की अर्धं," वहिनी उठत म्हणाली. "आणि आरा दाबू नका. ओढायला मी आहे."

दुसऱ्या सकाळी ओंडका फिरवला. सूत नव्यानं मारलं. भिंतीवर आज जास्त माणसं होती. वाईट बातमीचे पाय फार लांब. पाळक खड्ड्याच्या कडेला टोपी हातात घेऊन उभे होते. धाकट्यानं मूठ धरली, आरा सुतावर टेकवला.

"वाट मला दिसत नाही," तो म्हणाला आणि आरा उचलून थांबला.

खालून काही नाही. त्याच्या ओठांवर पुढची ओळ येऊन उभी होती. ती त्यानं दातांखाली धरली. आरा जड होता, दंड भरून आले. सुतारानं पाळकांकडे पाहिलं. भिंतीवर कुणीतरी "काय झालं" म्हणालं. धाकटा तसाच उभा.

मग खड्ड्यातून, भुशानं बसलेल्या घशातून आवाज आला. "त्याला दिसते. ओढ गड्या."

आणि आरा खाली गेला. धाकट्यानं दाबला नाही. फक्त धरला. आऱ्याचा आवाजच बदलला. कालची कुरकुर गेली आणि लांब, भरलेला श्वास लागला. भुसा पिवळा धमक उडाला.

"हात माझे गळून गेले."

"त्याचे हात गळत नाहीत."

"लाकडात गाठ लागली."

"गाठीपलीकडे तोच उभा."

"घर माझं रिकामं झालं," धाकटा म्हणाला, आणि आरा वर धरून थांबला. ही ओळ तिला अवघड जाणार हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं, आपण म्हणून टाकावी, बिचारीला सोडवावं. त्यानं टाकली नाही. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. मुलगी गेल्यावर थोरला असाच वाट बघत उभा राहिला असेल, आणि आपण खालून मजेत ओरडत होतो, हे त्याच्या मनात आलं.

"तो येऊन बसला आत," वहिनी म्हणाली. सावकाश, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखं. आणि तिनं ओढलं.

पहिल्या दिवशी चार हात झाले. सुतारानं खाली उतरून पट्टी लावली, वर येऊन पुन्हा उतरून लावली. "दोरीसारखं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाच. वहिनीच्या हाताचे फोड फुटले; धाकट्याच्या बायकोनं आपल्या वाकड्या मनगटानं त्यांवर पट्ट्या बांधल्या आणि जेवताना घास भरवला. "माझ्या नवऱ्याला वर चढवलंस, आता खाली कसं आणायचं ते बघू," ती म्हणाली, आणि वहिनी हसली. चार महिन्यांत त्या घरात हसण्याचा आवाज झाला नव्हता. ओंडक्यात मधोमध मुठीएवढी गाठ निघाली, काळी आणि दगडासारखी. तिनं अर्धा दिवस खाल्ला, दोनदा दात उजळावे लागले, पण आरा सुतावरून हलला नाही. फिरून फिरून चार ओळी चालल्या होत्या. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या लक्षात आलं की आपण नुसता ताल धरत नाही. आपण सांगतोय. थकलो आहे, हे सांगतोय. दिसत नाही, हे सांगतोय. जे दाराशी बसून ओठ मिटून ठेवलं होतं ते सगळं तो देवाला उघड्यावर, गावासमोर सांगत होता, आणि दर वेळी उत्तर येत होतं. यालाच प्रार्थना म्हणतात, एवढं त्याला कळलं, आणि त्याचं अंग हलकं झालं.

चौथ्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा एक हात उरला. भिंतीवर बसायला जागा नव्हती. पुलावरची माणसंही काम टाकून आली होती.

पाचवी ओळ म्हणायची होती, आणि धाकटा थांबला. ती ओळ थोरला दर ओंडक्याला म्हणे. आता थोरल्यावरच माती होती. धाकट्यानं स्वतःच्या हातानं ती लोटली होती. आरा सुतावर टेकलेला, आणि तो नुसता उभा.

"अडलात का?" खालून वहिनी म्हणाली.

"हो."

"मी आहे खाली. म्हणा."

धाकट्यानं आरा उचलला. "कबरीवर दगड आला," तो म्हणाला. आवाज फाटला, पण ओळ पुरी झाली.

खालून आलं ते बोलणं नव्हतं. वहिनी गायली. बायकांच्या बाजूचं गीत उचलणारा तो जुना, रुंद आवाज खड्ड्यातून वर आला.

"दगड त्यानं सरकवला."

भिंतीवरच्या बायकांना ती ओळ कुणी शिकवली नव्हती, पण दुसऱ्या फेरीला त्यांनी ती उचलली, तिसरीला पुरुषांनी. कबरीवर दगड आला, धाकटा वरून म्हणे, आणि सगळं आवार उत्तर देई. आरा जाई-येई. मग लाकडानं तडतड आवाज केला, आणि ओंडका उघडला. दोन फाळ्या दोन बाजूंना झुकल्या, आतलं लाकूड तांबूस, ओलसर, पहिल्यांदाच उजेड पाहणारं. सुतारानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि कुणालाही काही न सांगता धाकट्याला मिठी मारली. चांभार भिंतीवरून उडी मारून आला आणि वहिनीला हात देऊन वर काढायला लागला. "अर्धा आरा म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "तोंड फोडा माझं."

"हात दुखतायत," वहिनी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात फोडते."

सुताराला आढं तासायला आठवडा लागला. शनिवारी सकाळी ते चढवायचं ठरलं. दोन्ही भिंतींवर ओंडके टेकवून उतार केला, चार दोर लावले, प्रत्येक दोराला दहा माणसं, त्यांत बायकाही. सगळ्यांनी एकदम ओढायला हाक कोण देणार, म्हणून सुतारानं इकडेतिकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. धाकटा शिडीवरून भिंतीच्या टोकाला चढला. त्यानं पाचही ओळी दिल्या, एकेक अर्धी, आणि चाळीस जणांनी उरलेल्या अर्ध्या ओढून घेतल्या. हातभर, हातभर करत आढं वर गेलं आणि आपल्या खोबणीत बसलं. सुतारानं खुंट्या ठोकल्या.

"उतर आता," सुतार म्हणाला.

धाकटा उतरला नाही. तो दोन्हीकडे पाय सोडून आढ्यावरच बसला. आयुष्य जमिनीखाली काढलेला माणूस, गावातल्या सगळ्यात उंच लाकडावर. पलीकडे नदी होती, पुलाचे नवे खांब होते, शेतांच्या कडेला पावसाचे पहिले ढग जमत होते. येऊ देत, त्याला वाटलं.

"अहो, उतरा," खालून बायको म्हणाली. "जेवण थांबलंय."

"थांब गं. एक काम राहिलंय."

त्यानं डोळे मिटले. खाली पाळकांनी टोपी काढली.

"प्रभू," तो मोठ्यानं म्हणाला, "मी धाकटा. ऐकू येतंय ना?"

आणि खालून चाळीस जण आमेन म्हणाले.